गॅस संपत नाही, गळतो

मे महिना लागला की गॅरेजपुढे जुन्या गाड्यांची रांग लागते आणि खिडकीतून एकच वाक्य ऐकू येतं, "एसीतला गॅस संपलाय, भरून द्या." गेली तीस वर्षं मी हेच काम करतोय आणि 'संपलाय' हा शब्द मला अजून खटकतो. पेट्रोल जळतं, म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही. कंप्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून तो द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटला की त्याचा दाब उतरतो आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो केबिनमधली उष्णता शोषून घेतो. तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो. कमी झाला, तर तो कुठून तरी बाहेर गेलेला असतो.

मग घरचा फ्रीज वीस-वीस वर्षं गॅस न भरता कसा चालतो? त्याची मोटार आणि कंप्रेसर एकाच बंद डब्यात असतात, नळ्या झाळलेल्या असतात. गाडीत कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे त्याचा दांडा बाहेर काढावाच लागतो आणि तिथे सील आलं. इंजिन हादरतं, म्हणून रबरी होज आले, सांध्यांना ओ-रिंग आल्या. वर्षानुवर्षांत थोडा गॅस यातून झिरपणारच, ते मी मान्य करतो. पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल, तर ती गळतीच. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की दांड्याच्या सीलवरचं तेल सुकतं. म्हणून हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा.

माझ्याच जुन्या गाडीत एका गॅरेजने सलग तीन उन्हाळे नुसता गॅस भरला. तेव्हा मी या धंद्यात नवा होतो, गप्प बसलो. चौथ्या वर्षी स्वतः नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावला. कंडेन्सरच्या सांध्यावर बुडबुडे आले. ओ-रिंग कडक होऊन चिरली होती.

गळती काढल्यावरही घाई नको. सिस्टीम उघडली की हवेतली ओल आत शिरते. तिचा बर्फ व्हॉल्व्हच्या तोंडाशी साचला की एसी थोडा वेळ गार करतो, मग थांबतो आणि विश्रांतीनंतर पुन्हा गार करू लागतो. पुढे त्या ओलीतून आम्ल तयार होऊन धातू खातं. म्हणून ओल शोषणारा ड्रायर बदलायचा आणि अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम मारायचा. पंप बंद केल्यावर दाबमापकाचा काटा जागचा हलला, तर गळती अजून आहे.

नव्वदच्या दशकातल्या गाड्यांची गोष्ट जरा वेगळी. त्यांतल्या अनेकांत आर-१२ हा गॅस असे. असे वायू ओझोनचा थर पोखरतात, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवलं. ते वायू बंद करण्यासाठी १९८७ साली माँट्रिअलचा करार झाला. अशा गाडीत आता आर-१३४ए भरतात, पण जुनं खनिज तेल या गॅसमध्ये विरघळत नाही. ते काढून एस्टर तेल घालावं लागतं, नाहीतर तेल परत न आल्याने कंप्रेसर कोरडा पडून जाम होतो. कुणी स्वस्तात स्वयंपाकाचा गॅस भरून देतो म्हणाला, तर गाडी तिथून काढा. केबिनमध्ये गळलेल्या त्या गॅसला एक ठिणगी पुरते.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे. एका लहान गाडीत साधारण अर्धा किलो गॅस मावतो. तो हवेत सोडला, तर सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. सिस्टीम उघडण्याआधी गॅस मशीनने ओढून घेता येतो, त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. नळी ढिली करून तो फुस्सकन सोडून देणारे हात मी पाहिलेत, तेव्हा फार वाईट वाटतं.

माझ्या गाडीतली ती ओ-रिंग काही रुपयांची होती. ती बदलल्यावर पुढची सहा वर्षं मी गॅसला हात लावला नाही.