शिरगणतींतील वयें

शिरगणतीचा कारकून दारीं येऊन वयें विचारूं लागला, म्हणजे कर्ता पुरुष क्षणभर आढ्याकडे पाहतो आणि म्हणतो, "आजीचें सत्तर लिहा." आजीबाईंस कोणी विचारीत नाहीं! असेंच शेजारीं घडतें. परिणामीं २०११ च्या शिरगणतींतही चाळीस वर्षांच्या माणसांची रांग लांबलचक, तर एकेचाळिसांची अगदींच तोकडी दिसते. यावरून एका वर्षीं पाळणे भरले व लगेच रिकामे झाले, असें अनुमान कोणी काढील काय?

व्हिपल नामक अमेरिकन पंडितानें यास एक माप लावून दिलें आहे. २३ ते ६२ या चाळीस वयांत शून्यानें वा पांचानें संपणारीं वयें आठ, म्हणजे पंचमांश. लोकही तेथें सुमारें पंचमांशच असावेत. जितके अधिक आढळतील, तितकीं उत्तरें अदमासानें दिलेलीं. म्हणून जाणते लोक सुटा चाळिसाचा आंकडा न घेतां ३८ ते ४२ असा गट घेतात. चाळीस सांगणारे बहुतेक त्यांतलेच असतात.

आम्हां शिक्षकवर्गाचाही यांत वांटा आहे. जूनमध्यें बाप मुलास घेऊन येई. जन्मतारीख ठाऊक नसे. मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानास लागला कीं मास्तर सहावें वर्ष धरीत आणि १ जून लिहीत. मी त्यांना दोष देत नाहीं. रकाना रिकामा ठेवण्याची सोय नव्हती. पण महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याअखेर निवृत्त होतो; म्हणून महाराष्ट्रांत ३१ मे रोजीं निरोपसमारंभांची झुंबड उडते.

हें हंसण्यावारी नेतां येईल; पण सर्वच तसें नाहीं. निराधार वृद्धांस श्रावणबाळ योजनेचें वेतन पासष्टाव्या वर्षापासून मिळतें. समजा, २०१२ सालीं आधार कार्ड काढतांना कोणा बाईंचें वय 'पन्नास' सांगितलें गेलें. जन्मसाल पडलें १९६२. आतां त्यांस विचारावें, "पानशेतचें धरण फुटलें तेव्हां तुम्ही केवढ्या होतां?" "आईच्या कडेवर होतें, दोन वर्षांची," असें उत्तर आलें, तर हिशेब उघड आहे. धरण फुटलें १२ जुलै १९६१ रोजीं. बाईंचा जन्म १९५९ च्या सुमाराचा, आणि त्या गोल आंकड्यापायीं तीन वर्षांचें वेतन जाणार. तेव्हां आपल्या घरच्या, आणि घरीं कामास येणाऱ्या वडीलधाऱ्या बायांना पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ यांविषयीं अवश्य विचारावें, आणि उत्तरें कागदावर तारखेसह टिपून ठेवावीं.