पास्त्याची पेज

श्रोतेहो, पास्ता कसा उकडायचा हे मी सांगणार नाही. महाड-पोलादपूरच्या घराघरांतल्या पोरांना ते येतं, शिवाय पाकिटावरही लिहिलेलं असतं. मला बोलायचंय ते उकडून झाल्यावर मोरीत ओतल्या जाणाऱ्या पाण्याबद्दल.

ते पाणी ओतू नका.

भात वेळून काढणारी पिढी आपल्याकडे अजून आहे. त्यांच्या घरात पेज कधी वाया गेली का? मिठाचा खडा टाकून ती कामावर निघालेल्याला दिली, तापातून उठलेल्याला दिली, उरलेल्या पेजेची सुती लुगड्याला खळ केली. पेजेत तांदळाचं सत्त्व उतरतं, ते धरून ठेवतं, म्हणून तर कापड कडक होतं. पास्त्याच्या पाण्यात गव्हाचं तेच सत्त्व उतरतं. तेल आणि पाणी एरवी एकमेकांजवळ उभी राहत नाहीत. ही पेज त्यांना धरून ठेवते आणि पास्त्याला चकचकीत, दाटसर रस्सा चढतो.

आता सामान घरात असतं, ही आनंदाची गोष्ट आहे. दुकानात स्पॅगेटी मिळते, आखातातून सुट्टीवर येणारे ऑलिव्ह तेल आणतात, केपर्सच्या खारवलेल्या कळ्यांची बाटलीही आणतात. आणि आपण काय करतो? पास्ता चाळणीत ओततो, वर नळाचं गार पाणी सोडतो, मग कोरडा लागतो म्हणून सॉस, क्रीम, मसाल्याची पुडी! अहो, इतक्या चांगल्या तेलाची चव मग लागणार कुठे?

नेपल्सकडचा साधा प्रकार घ्या, आल्यो ए ओल्यो. लसूण, तेल, सुकी मिरची, झालं. माणशी 100 ग्रॅम पास्ता, 1 लिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ हा इटालियन घरांतला हिशेब. मी पाणी आणि मीठ दोन्ही थोडं कमी घेते, म्हणजे पेज दाट होते. लसूण मंद आचेवर, करपू द्यायची नाही. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता चिमट्याने उचलून थेट त्या तेलात, वर वाटीभर पेज, आणि आच वाढवून हलवत राहायचं. वाटीभर पेज, पुन्हा सांगते. चाळणी वापरणार असाल तर वाटी आधी भरून बाजूला ठेवा, नंतर आठवून उपयोग नसतो.

पाकीट घेताना ड्युरम रवा लिहिलंय का ते बघा. ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू. इटलीत 1967 च्या कायद्यापासून सुका पास्ता याच गव्हाचा करावा लागतो. आपल्या निफाडच्या संशोधन केंद्राचं 'पंचवटी' वाणही याच जातीचं. मैद्याचा पास्ता पाण्यात मऊ पडून सुटतो, त्याची मग पेज राहत नाही, खळच होते.

लसणीच्या या तेलात कुणी अँकोव्ही नावाची खारवलेली बारीक मासळीही घालतात; ती इथे सहज मिळत नाही म्हणून अडू नका. आपली मांदेली त्याच कुळातली. सुकी मांदेली डोकी काढून तव्यावर भाजा, चुरा आणि लसणीच्या तेलात टाका. चव इटलीची येणार नाही, पण खमंग येते; मीठ मात्र तेवढं कमी करा, कारण पेजही खारीच असते.

चीजबद्दल बरंच सांगायचं होतं, पण वेळ संपल्याची मला खूण झाली आहे. एवढंच ऐका: किसलेलं चीज आचेवर घालू नका. भांडं उतरवा, मिनिटभर थांबा, थोडी पेज घाला, मग चीज. उकळत्यात घातलंत तर गोळे होतात, आणि ते महागाचं चीज मग... पुढच्या वेळी सांगेन.