बंदिवानांची सेवा आणि वर्गणीचा हिशेब



वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात हळद विकून घरी निघालेला शेतकरी एक कागद खिशात जपून ठेवतो. त्याला पट्टी म्हणतात. पोती किती, वजन काय भरले, भाव काय मिळाला, हमाली व तोलाई किती गेली आणि हाती रक्कम किती आली, हे सारे तीत लिहिलेले असते. अडत्या कितीही ओळखीचा असो, पट्टीवाचून व्यवहार पुरा झाला असे कोणी मानीत नाही. आणि पट्टी मागितल्याने अडत्याचा अपमान झाला असेही कोणी समजत नाही. दानधर्मात मात्र आपली रीत उलटी आहे. दान देऊन हिशेब विचारणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. आज मी ज्या सेवेविषयी बोलणार आहे, तिच्यात हा संकोच फार महाग पडतो. ती सेवा म्हणजे ख्रिस्ती संस्थांनी चालविलेली बंदिवानांची सेवा.

बंदिवानाची भेट घेणे हे दयाकृत्य मत्तयाच्या शुभवर्तमानात भुकेल्याला अन्न देण्याच्या जोडीने सांगितले आहे. या प्रेरणेने अनेक मंडळी तुरुंगात जातात, वकील मिळवून देतात, मुलांच्या शिक्षणाची सोय पाहतात, सुटलेल्या माणसाला आसरा देतात. यांत उणे काही नाही. परंतु शाळेला वर्गणी देणारा शाळेत जाऊन पाहू शकतो आणि पालक तक्रार करू शकतात. तुरुंगाच्या भिंतीआड वर्गणीदाराला प्रवेश नाही, आणि ज्याच्या नावाने वर्गणी मागितली तो बंदिवान तोंड उघडावयास कचरतो. सेनगाव वा कळमनुरीकडच्या एखाद्या खेड्यात त्याची म्हातारी आई असते. मुलाच्या दुःखाची कहाणी सांगून कोणी पैसा गोळा केला, हे तिच्या कानीही जात नाही. देणारा पाहू शकत नाही व घेणारा बोलू शकत नाही, अशा ठिकाणी हिशेबाची वही हाच एकमेव साक्षीदार उरतो.

हा विचार ख्रिस्ती परंपरेला परका नाही. बारा शिष्यांतील ज्याच्या हाती थैली होती तोच चोर निघाला, हे योहानाने लपवून ठेवलेले नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेली रक्कम नेताना, आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून पौलाने मंडळ्यांनी नेमलेला माणूस बरोबर घेण्याची व्यवस्था केली, असे करिंथकरांस लिहिलेल्या त्याच्या दुसऱ्या पत्रात आहे. प्रेषिताला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आजच्या विश्वस्तांना का वाटावे?

मात्र बेरीज जुळली म्हणजे जबाबदारी संपली, असेही नव्हे. या बाबतीत अमेरिकेतील एक खटला बोधप्रद आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार चार्ल्स कोलसन हे वॉटरगेट प्रकरणाच्या ओघात १९७४ साली तुरुंगात गेले. सात महिन्यांनी सुटल्यावर, १९७६ साली, त्यांनी ‘प्रिझन फेलोशिप’ ही संस्था काढली. १९९३ साली मिळालेल्या टेम्पल्टन पारितोषिकाची १० लाख डॉलरांहून अधिक रक्कमही त्यांनी तिलाच दिली. अशा संस्थेशी निगडित ‘इनरचेंज’ या उपक्रमाला १९९९ पासून आयोवा राज्यातील न्यूटनच्या तुरुंगात स्वतंत्र विभाग मिळाला. तेथील राहणी इतर विभागांहून सुखाची होती. खर्चाचा काही भाग राज्य सरकार देई; आणि त्यातील काही पैसा बंदिवानांच्या दूरध्वनीवरील आकारातून जमलेल्या निधीचा असे! म्हणजे ज्याला हे धर्मशिक्षण नको होते, त्याच्याही घरी केलेल्या बोलण्याचे मोल त्यात पडत होते.

धार्मिक खर्च वेगळा व इतर खर्च वेगळा, असा हिशेब संस्था दाखवीत असे. हा खटला अपहाराचा नव्हता. तरीही २ जून २००६ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट प्रॅट यांनी उपक्रम घटनाबाह्य ठरवून सुमारे १५ लाख डॉलर परत करण्याचा हुकूम दिला. सारा दिनक्रमच धर्मशिक्षणाने व्यापलेला असताना खर्चाची अशी वाटणी कागदापुरतीच राहते, हे त्यातून उघड झाले. डिसेंबर २००७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने मूळ निष्कर्ष कायम ठेवला. निकालापूर्वी मिळालेली रक्कम परत करण्याचा भाग तेवढा रद्द केला. पैसा कोणाचा व कोणत्या उद्देशासाठी, हा प्रश्न बेरजेहून मोठा आहे.

आपल्याकडे हाच प्रश्न एका वेगळ्या क्षेत्रात पूर्वीच उभा राहिला होता. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ साली मुंबईत उघडले व पुढे पुण्यास आले. पैसा बोस्टनच्या मंडळाचा होता, आणि विद्यार्थिनींच्या धर्मात हात घालावयाचा नाही, अशी भूमिका होती. काही मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. वाद पैशाच्या अफरातफरीचा नव्हता, दिलेल्या शब्दाचा होता. बाईंची बाजूही विचार करण्याजोगी होती: आपण कोणास बळेच बोलावीत नाही, मग प्रार्थनेचे दार का लावावे? परंतु सदनातील मुलीला जाण्यायेण्याची जी थोडीफार मोकळीक होती, तीही बंदिवानाला नाही. म्हणून तेथे मदत आणि उपदेश यांची गाठ अधिकच जपून बांधली पाहिजे.

कायद्याने काही आधार दिला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यानुसार विश्वस्तांनी हिशेब ठेवून तो तपासून घ्यावा लागतो. परदेशी वर्गणीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तथापि या सेवेत भेटीस जाणाऱ्या कार्यकर्त्याचे वेतन हीच पुष्कळदा खरी सेवा असते, हेही देणाऱ्याने ध्यानी घ्यावे. केवळ टक्केवारीवरून संस्थेची परीक्षा होत नाही.

मग विचारावे काय? २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंदिवानांपैकी चारांत तीन खटला चालावयाचे असलेले कच्चे कैदी होते. गरीब बंदिवानांच्या सरकारी योजनेत, २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत व दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत साह्य ठरविले होते. तेव्हा जामिनासाठी वर्गणी मागणाऱ्यास विचारावे: किती जणांसाठी आधी या योजनेकडे अर्ज केलात? किती सुटले? प्रार्थनेस न बसणाऱ्याला मदत मिळाली काय? ज्याचे छायाचित्र छापले, त्याची संमती घेतली होती काय?

हे प्रश्न अविश्वासाचे नव्हेत. प्रामाणिक सेवकाचे हात त्यांनी बळकटच होतात. देणगीदाराला तर पट्टी द्यावीच; पण तिची एक प्रत, समजेल अशा मराठीत, त्या बंदिवानाला आणि खेड्यातील त्याच्या आईलाही मिळावी. कारण माल विकला गेला तो तिच्या घरच्या दुःखाचा, आणि आपल्या मालाचा भाव काय आला हे जाणण्याचा पहिला हक्क तिचा आहे.