पहिला रणगाडा रंगवताना



दरवर्षी २६ जानेवारीला कर्तव्य पथावरून रणगाडे जातात. विजय चौकाकडून येणारा रणगाडा दूर असताना करडा दिसतो आणि समोर आला की गडद हिरवा होतो, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात राहते. रंग तोच असतो. मध्ये दिल्लीची धुक्याची, धुळीची हवा असते. प्लॅस्टिकचा पहिला रणगाडा रंगवणाऱ्याची निम्मी विद्या या निरीक्षणात आहे.

सेंच्युरियनचेच उदाहरण घ्यावे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पूना हॉर्सकडे हेच रणगाडे होते. साडेसात मीटरांहून लांब, सुमारे पन्नास टनांचा हा गाडा १:३५ प्रमाणात वीतभर होतो. (३५ हा आकडा काही शास्त्रीय नव्हे. जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले, तेव्हा पोटात विजेऱ्या मावतील असे माप घेतले. तेच पुढे रूढ झाले.) हातभर अंतरावरून पाहिलेले असे मॉडेल म्हणजे पस्तीस हातांवरून पाहिलेला रणगाडा. त्यावर खरा रंग जसाच्या तसा दिला तर ते काळवंडलेले दिसते. हिरव्यात थोडा फिका रंग मिसळावाच लागतो.

पुढची कृती सोपी, पण चिकाटीची. सुटे भाग साबणाच्या पाण्याने धुतले की साच्याचा तेलकटपणा जातो. मग प्रायमर, आणि त्यावर पातळ रंगाचे दोन-तीन हात. मे महिन्यात लू सुटली की ॲक्रिलिक रंग कुंचल्याच्या टोकावरच वाळतो. पावसाळ्यात वार्निशवर पांढुरकी झाक येते. पहिल्या खेपेस कुठेतरी बोटाचा ठसा उमटणारच. चिखल लावताना मात्र महाराष्ट्राची काळी माती आठवू नये. शकरगढचे मैदान गाळाच्या मातीचे, यमुनेच्या खादरासारखे आहे.

खरी अडचण यापुढे येते. परदेशी किटमधली चिन्हे बहुधा ब्रिटिश किंवा इस्रायली असतात. भारतीय खुणा हातानेच काढाव्या लागतात. आणि सेंच्युरियन हाती आला की मुलाला त्यावर एकच नाव लिहावेसे वाटते : फॅमागुस्ता.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा तो रणगाडा. त्यांचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत फॅमागुस्ताला आग लागली. रणगाडा सोडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे असे कळवून ते आतच राहिले, लढत राहिले आणि तिथेच त्यांना वीरमरण आले. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र. इंडिया गेटजवळच्या परम योद्धा स्थळी त्यांचा अर्धपुतळा आहे.

जळाल्याच्या खुणा काढायच्या का, असे मूल विचारतेच. काजळी कोरड्या कुंचल्याने छान उठते, आणि इथेच हात मोकाट सुटतो. त्या गाड्यात चार माणसे होती. गोळा कुठे लागला हे ठाऊक नसता शोभेसाठी भोक पाडणे बरे नव्हे. पहिल्या रणगाड्यावर ते नाव लिहूच नये. तो पूना हॉर्सचा एखादा बिननावाचा, चिखलाने माखलेला गाडा असू द्यावा. सुट्टीत महाराष्ट्रात जाणे झाले, तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन जवळून पाहावा. रंग तर पाहावाच. पण बुरुजावरचे झाकण केवढे आहे, आणि पेटलेल्या गाड्यातून माणसाला त्यातून बाहेर पडायला किती जागा मिळते, हेही पाहून यावे.