कपलिंग घेताना काय पाहावे



आज आपण एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहोत. ती मुठीत मावते, पण तिच्यावर दोन-तीन टनांची ट्रॉली उभी राहते. या वस्तूचं नाव क्विक कपलिंग. ट्रॅक्टरचा तेलाचा पाइप ट्रॉलीच्या पाइपला जिथे झटकन जोडला जातो, तो हा लोखंडी जोड. कारागीर लोक त्याला नुसतं कपलिंग म्हणतात. त्याचे दोन भाग असतात, एक नर आणि एक मादी.

आमच्या तळेगाव दाभाड्याला लहान वस्तूचं मोल सांगायला नको. माणशी दरसाल एक पैसा गोळा करणाऱ्या पैसा फंडातून इथे १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. आता आमच्या औद्योगिक वसाहतीत जेसीबी कंपनीची मोठी यंत्रं तयार होतात. त्या यंत्राचा हात माती उचलतो, तो तेलाच्या जोरावर. आपल्या मावळातल्या भातखाचराच्या बांधावर उभा असलेला ट्रॅक्टरही ट्रॉली उचलतो, तो तेलाच्याच जोरावर.

हा जोर येतो कुठून? कोंडलेल्या तेलावर एका जागी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखा पोचतो. पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलं. आता हिशेब करा. ट्रॅक्टरच्या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलो धरू. ट्रॉलीखालचा जॅक आतून दहा सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याचं तोंड सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटरचं झालं. गुणाकार केला की पावणेबारा टन जोर आला! हा सगळा दाब त्या मुठीएवढ्या कपलिंगमधून जातो. मग ते कसंही, कुठलंही घेऊन चालेल का?

पहिली गोष्ट. दुकानात जाताना जुनं कपलिंग पुसून बरोबर न्यावं. ‘अर्ध्या इंचाचं द्या’ एवढं सांगून भागत नाही. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे चार सुती आट्याचं बाहेरचं माप पट्टीवर सुमारे एकवीस मिलिमीटर भरतं. नव्या माणसाचा इथेच घोटाळा होतो. शिवाय आटे दोन जातींचे मिळतात, बीएसपी आणि एनपीटी. अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचामागे चौदाच आटे असतात. म्हणून एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे बसतो आणि वाटतं, झालं काम. पण आट्याचा कोन निराळा असतो. दाब आला की तेल गळू लागतं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! फेरे हातानं सहज फिरले पाहिजेत. पाना लावून जबरदस्ती करू नये.

दुसरी गोष्ट, नमुना. कपलिंगावर किंवा त्याच्या डबीवर आयएसओ ही अक्षरं आणि पुढे एक आकडा असतो. शेतीच्या ट्रॅक्टरला बहुधा ५६७५ आकड्याचा नमुना चालतो. ७२४१ मध्ये ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. ते एकमेकांत बसत नाहीत. १६०२८ म्हणजे सपाट तोंडाचं कपलिंग. त्याचं तोंड पुसायला सोपं, आणि सोडताना तेल फार सांडत नाही. मादी एका नमुन्याची आणि नर दुसऱ्या नमुन्याचा, असा संसार टिकत नाही. म्हणून दुकानातच दोन्ही भाग जोडून पाहावे. ‘कट्’ असा आवाज आला पाहिजे, आणि ओढून सुटता कामा नये.

तिसरी गोष्ट, दाब. ट्रॅक्टरच्या पुस्तकात तेलाचा दाब लिहिलेला असतो. तो बार या मापात असतो. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो. कपलिंगाची ताकद त्याहून कमी नसावी. पाइपाचीही नसावी. साखळी तुटते ती कच्च्या कडीपाशी. हवेच्या कॉम्प्रेसरचं कपलिंग दिसायला असंच असतं आणि स्वस्तही पडतं. पण ते इतका दाब सोसत नाही. ते तेलाला कधीही लावू नये. पितळेचं गंजत नाही हे खरं, पण पितळ मऊ. नांगराला आणि ट्रॉलीला रोज हिसके बसतात. तिथे पोलादाचं बरं.

चौथी गोष्ट, गरज. डंपिंग ट्रॉलीला बहुधा एकच पाइप असतो. पलटी नांगराला दोन लागतात. म्हणून किती जोड हवे ते घरीच मोजून जावं. आणि प्रत्येक जोडाबरोबर धुळीचं टोपण मागून घ्यावं. मावळातला पाऊस आणि चिखलणीचा चिखल आपल्याला ठाऊक आहे. टोपण नसलं की तो चिखल कपलिंगात, तिथून तेलात, आणि तेलातून पंपात जातो. टोपणाचे चार पैसे वाचवायचे आणि पंपाला हजारो घालायचे, हा कसला व्यवहार?

आता जोडण्याची रीत. ट्रॉली खाली टेकवा. इंजिन बंद करा. मग लिव्हर पुढे-मागे हलवा, म्हणजे पाइपातला दाब निघून जाईल. दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्यानं पुसा आणि मग जोडा. उन्हात पडलेल्या पाइपात तेल तापून फुगतं आणि जोड बसत नाही. तेव्हा हातोडा मारू नका. दाब काढा, जोड आपोआप बसेल.

मंडळी, आता नीट ऐका. कपलिंग अर्धवट बसलं किंवा झिजलं, की त्याच्या आतली झडप मिटते. वर गेलेली ट्रॉली मग खाली येत नाही. अशा वेळी माणूस चिडतो, पाना घेतो आणि ट्रॉलीखाली शिरून जोड ढिला करू लागतो. जोड सुटला की तेल उडतं आणि ट्रॉली कोसळते. वर उचललेल्या ट्रॉलीखाली लोखंडी टेकण लावल्याशिवाय कोणीही, एक क्षणभरही, जाऊ नये. जाणता मिस्त्री बोलवावा. एक दिवस खोळंबा झाला तरी चालेल, गेलेला माणूस परत येत नाही.

दुसरं भय याहून फसवं आहे. पाइपाला सुईएवढं छिद्र पडलं, तर तिथून निघणारं तेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही. पण आत मांस सडू लागतं आणि हात कापायची पाळी येते. म्हणून गळती बोटानं चाचपू नका. जाड पुठ्ठा धरून पाहा. तेल टोचलंच, तर हळद लावून घरी बसू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘दाबाचं तेल आत गेलं आहे’ असं स्पष्ट सांगा. इथे तासांनाही मोल आहे.

शेवटची गोष्ट पावतीची. पावतीवर बनवणाऱ्याचं नाव, नमुन्याचा आकडा आणि माप लिहून घ्यावं. भगिनींनो, घरचा हिशेब तुमच्या हाती असतो, तेव्हा ही पावती तुम्ही जपून ठेवा. पुढच्या वेळी तीच दुकानात दाखवता येईल.

आजवर दुकानदार जे देईल ते आपण घेत होतो, कारण त्यावर काय कोरलं आहे ते वाचता येत नव्हतं. आता अक्षरं आणि आकडे आपल्या ओळखीचे झाले आहेत. ते फक्त पुस्तकात नसतात, लोखंडावरही असतात. तिथेही ते वाचा, न समजलं तर विचारा, आणि मगच पैसे मोजा.