युद्ध, सिनेमा आणि मिसरूड फुटण्याचं वय

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



"सिनेमावर थोडं बोला," असा सांस्कृतिक समितीचा आदेश आला, तेव्हा मी घाबरलोच. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. रूळ आणि पॉइंट यांच्यापलीकडे माझी गती नाही. तरी बाप्पाचं नाव घेऊन बोलतो.

१९९९ साली कारगिलचं युद्ध झालं, तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. पॉलिटेक्निकचा अभ्यास सोडून आम्ही मित्र टीव्हीसमोर बसायचो. अंगावर वर्दी चढली की आपण मोठे झालो, असं प्रत्येकाला वाटायचं. हे डोक्यात भरलं होतं सिनेमानेच. गोविंद निहलानींचा 'विजेता' (१९८२) आठवा. आईवडिलांच्या बेबनावात गोंधळलेला अंगद हवाई दलात जातो आणि १९७१च्या युद्धात विमान घेऊन उतरतो. 'लक्ष्य' (२००४) मधला करण तर आपल्या दिल्लीचाच. दिशाहीन पोरगा कारगिलला पोहोचतो आणि बदलतो. दोन्ही सिनेमे मला आजही आवडतात.

पण काही वर्षांपूर्वी मुलीने मला एक जपानी कार्टूनपट दाखवला, 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८). कार्टून म्हणून मी चहा घेऊन आरामात बसलो. चहा तसाच राहिला.

१९४५ सालचं कोबे शहर. १४ वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको. वडील आरमारात, आई बॉम्बहल्ल्यात गेलेली. या पोराला कुणी वर्दी दिली नाही, बंदूक दिली नाही. त्याच्या वाट्याला आली फक्त धाकटी बहीण. तिला भरवणं, हसवणं, आई गेल्याचं तिच्यापासून लपवणं. शेवटी ती उपासमारीने जाते. ही मूळ कथा लिहिणाऱ्या अकियुकी नोसाका यांचीही लहान बहीण युद्धात अशीच गेली होती.

सिनेमाची सुरुवात मात्र रेल्वे स्टेशनवर आहे. सेइता खांबाला टेकून मरतो आहे. लोक बाजूने जात आहेत. स्टेशनचा कर्मचारी येतो, त्याच्याजवळचा गोळ्यांचा डबा उचलतो आणि बाहेर फेकून देतो.

मित्रहो, तो कर्मचारी मी ओळखतो. बऱ्याच वर्षांपूर्वी रात्रपाळीला मी ब्लॉकच्या कामावर निघालो होतो. प्लॅटफॉर्मच्या टोकाला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा बसला होता, मांडीवर झोपलेली लहान बहीण. त्याने विचारलं, "अंकल, पानी का नल किधर है?" मी हाताने नळ दाखवला आणि पुढे गेलो. ब्लॉक वेळेत सुरू झाला, वेळेत संपला. परत आलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. युद्ध नव्हतं, मला घाई होती इतकंच.

मोठं होणं म्हणजे वर्दी चढवणं नव्हे, आपल्याहून लहान असलेल्याला सांभाळणं. त्या रात्री तो पोरगा माझ्यापेक्षा मोठा होता.

आपल्यापैकी अनेकजण रेल्वेत आहेत. त्यांना एकच विनंती. असं मूल दिसलं तर थांबा, रेल्वे सुरक्षा दलाला सांगा किंवा १०९८ला फोन करा. ब्लॉकमधली दोनच मिनिटं जातील. आणि घरी मुलांना 'विजेता' दाखवाल, तेव्हा सेइताही दाखवा.

गणपती बाप्पा मोरया!