राजूरचा कोळसा आणि हाताला काम



वणी तालुक्यात हे गाव ‘राजूर कॉलरी’ म्हणूनच ओळखले जाते. गावाच्या नावालाच खाण चिकटली, इतका खाणीचा आणि गावाचा संबंध जवळचा. भूगर्भात कोळसा, शेजारी चुनखडी आणि सभोवती कापसाची काळी जमीन. असे तिहेरी दान पदरी असलेल्या गावातील पदवीधर तरुणाला नोकरीची विवंचना का असावी?

त्याचे उत्तर खाणीच्याच हिशेबात आहे. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली ‘कोल इंडिया’ स्थापन झाली आणि विदर्भातील खाणी ‘वेस्टर्न कोलफिल्ड्स’कडे आल्या. २०००-०१ साली कोल इंडियाचे उत्पादन सुमारे २७ कोटी टन होते आणि कायम कामगार पाच लाखांहून अधिक. २०२३-२४ मध्ये उत्पादन ७७ कोटी टनांवर गेले. कामगार मात्र सुमारे सव्वादोन लाख उरले. भूमिगत खाणीत माणूस उतरत असे, खुल्या खाणीत शॉवेल आणि डंपर उतरतात. माती उपसण्याचे बरेचसे काम कंत्राटदारांकडे गेले असून त्यांची माणसे या कायम कामगारांत मोजलेली नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही उत्पादन वाढले म्हणजे रोजगार वाढलाच, हा समज येथे टिकत नाही.

कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असा हिशेब आहे. वरवर पाहता सौदा वाईट नाही. पण जमीन वारसाने पुढच्या पिढीकडे जाते. नोकरी साठाव्या वर्षी संपते. बाप खाणीतून निवृत्त झाला की मुलाच्या हाती ना सातबारा, ना हजेरीपट.

हाताला काम देणे हे शासनाचे दायित्व आहे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे त्याचा प्रयोग केला. त्याच वर्षी मुंबईतील व्याख्यानांत पं. दीनदयाळ उपाध्याय यंत्र माणसाला पूरक असावे, त्याला बेकार करणारे नसावे, असे प्रतिपादन करीत होते. पुढे १९७२ च्या भीषण दुष्काळात पागे यांच्या कल्पनेला राज्यव्यापी रूप आले. तेव्हा मुख्यमंत्री होते याच यवतमाळ जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या योजनेचा पैसा कोठून आला? पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत तीनशे. त्यावर कुरकुर करणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठीच बसवला गेला? खाणीतला पगारदार आणि बंधाऱ्यावर माती टाकणारी मजूर स्त्री यांचे नाते असे जोडलेले आहे. शहराने खेड्याप्रती दाखवलेल्या बंधुभावाचे याहून ठोस उदाहरण सापडणे कठीण.

केंद्राने २००५ साली कायदा करून अशी हमी देशभर नेली. पहिल्या टप्प्यात यवतमाळचा समावेश झाला, तो मागासलेपणाच्या निकषावर. त्यात अभिमान वाटावा असे काही नाही. त्या कायद्यातील शंभर दिवस डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने एकशेपंचवीस झाले. दिवस वाढले हे चांगलेच. परंतु काम अकुशलच राहिले. कॉलेजात शिकलेला मुलगा कुदळ घेऊन येणार नाही आणि त्याने यावे अशी आई-बापांचीही इच्छा नसते. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड दिली, तेव्हा मजुरीच्या पैशातून शेतकऱ्याच्या बांधाआड कायमची झाडे उभी राहिली. हमीचे काम नुसते खड्डे खणण्याचे नसते, हे त्या निर्णयाने दाखवले.

राजूरसारख्या गावांपाशी आज आणखी एक साधन आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीने खनिजाच्या स्वामित्वधनाशी निगडित रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जाऊ लागली. ती खाणबाधित गावांसाठी आहे आणि कौशल्यविकास हा तिच्या अग्रक्रमाच्या विषयांपैकी एक आहे. यंत्र दुरुस्ती, विद्युतकाम, कापसावरील प्रक्रिया यांचे शिक्षण गावातच मिळावे, असा ठराव करण्यास ग्रामसभेला कोणी अडवलेले नाही. पुढच्या ग्रामसभेत या निधीतून किती सभामंडप झाले आणि किती मुले कामाला लागली, एवढेच विचारा.